दार उघडंच राहू द्या

कीर्तनात पेटी असते, झांज असते, कीर्तनकाराची चाल चुकली तर साथीदार सावरून घेतो. पुस्तकात तसं कोणी नसतं. इथे तुम्ही आणि मी, दोघंच. म्हणून समोर बसून बोलावं तसंच बोलतो, गोड मानून घ्या.

आजच्या निरूपणाला आधार मत्तयाच्या चौथ्या अध्यायाचा. प्रभू येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी होता, आणि तिथे सैतान त्याच्याकडे तीनदा आला. पहिल्यांदा भाकरीची गोष्ट बोलला. दुसऱ्यांदा मंदिराच्या शिखरावर नेलं आणि उडी टाकायला सांगितलं, देवदूत झेलतील म्हणाला. तिसऱ्यांदा उंच डोंगरावरून जगातली राज्यं दाखवली, आणि जरा वाकलास तर हे सगळं तुझं, असा सौदा मांडला. भाकर, मान आणि सत्ता. माणसाला देवापासून ओढणारे दोर हे तीनच. बाकी सगळे यांचेच धागे.

आता एक ध्यानात घ्या. यातली एक तरी गोष्ट उघड पापाची होती का? चोरी कर म्हणाला का? खून कर म्हणाला का? नाही. भुकेल्या माणसाला भाकर खा म्हणाला. शास्त्रातलं वचन तोंडाने म्हणून दाखवलं. सैतान शिंगं लावून येत नाही, बरं का. तसा आला तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल आणि धोंडा मारील. तो हितचिंतक होऊन येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'तुमच्या भल्याचंच सांगतोय.'

हा झाला पूर्वरंग. आता आख्यान. आख्यानासाठी मी तुम्हाला यरुशलेमेला नेत नाही, इथेच नेतो. शिरूरहून न्हावऱ्याचा रस्ता धरा, भीमा ओलांडा, पारगाव मागे टाका. पुढे केडगाव लागतं, तालुका दौंड. तिथून चौफुला हाकेच्या अंतरावर. पूर्वी या पट्ट्याला भीमथडी म्हणत. पाऊस लहरी, जमीन बरड, पीक बाजरीचं. कालवे आले, ऊस आला, ते सगळं नंतरचं. त्या कोरड्या भीमथडीत एका बाईने देवाच्या भरवशावर जे उभं केलं, ते आजही केडगावात उभं आहे. नाव पंडिता रमाबाई. तिथल्या संस्थेचं नाव मुक्ती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. शास्त्रीबोवांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्या काळात हे धाडसच. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराण सांगत देशभर फिरलं. म्हणजे आमच्याच पेशाचं घर म्हणा ना! सांगायचं, आणि श्रोते देतील त्यावर पोट भरायचं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला लहानपणीच पाठ झाले.

मग दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं होतं. १८७४ ते १८७७ या काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. वडिलांनी जाताना या धाकट्या मुलीला जवळ घेतलं, देवाच्या हाती सोपवलं आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर असं सांगितलं. शास्त्रीबोवा हिंदू होते, त्यांचा देव त्यांच्या शास्त्रातला. पण शब्द मुलीच्या काळजात रुतला. पुढे ती ख्रिस्ताकडे आली तरी तो शब्द तिने सोडला नाही.

आईच्या वेळची आठवण रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. आई तापाने पडलेली, घरात दाणा नाही. मुलगी शेजारच्या बाईच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. भागवत घडाघडा म्हणणारी जीभ तिथे उचलेना. भीक मागायची सवय नव्हती. त्या बाईने तुकडा दिला. तो आईच्या तोंडाला लावला, पण आईला तो गिळता आला नाही.

वाचकहो, तुम्ही बाजरीच्या मुलखातले. भाकरीचा एक तुकडा आणि एक न उघडणारं तोंड, हे चित्र जरा डोळ्यांपुढे ठेवा. आख्यानाच्या शेवटी याच भाकरीशी आपल्याला परत यायचं आहे.

मत्तयाने तीन मोह ज्या क्रमाने दिले, तो लूकाने पाळला नाही. दुसरा आणि तिसरा त्याने मागेपुढे केले. मला वाटतं ते बरंच झालं. आपल्या आयुष्यातही मोह यादीप्रमाणे येत नाहीत. रमाबाईंपुढे आधी आलं ते शिखर.

भावाबरोबर पायी हिंडत १८७८ साली त्या कलकत्त्याला पोहोचल्या. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात शास्त्रार्थ करते हे पाहून विद्वान थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिथल्या. मग भाऊ गेला. त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाची व्हायच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि सुधारकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

हेच ते शिखर. इथे बसून राहायचं होतं, झालं. हार होते, सभा होत्या, टाळ्या होत्या. पण मनात भूक होती, आणि ती टाळ्यांनी भागेना. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची इच्छा होती, पण कमी ऐकू यायला लागलं होतं, ते राहिलं. तिथे वाँटेजच्या भगिनींच्या मठात त्यांनी पतितांना पोटाशी धरणारी सेवा पाहिली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात काय झालं असेल? काल ज्यांनी हार घातले त्यांतल्या कित्येकांनी पाठ फिरवली. म्हणजे शिखर गेलं. पण तिकडे तरी नवं शिखर मिळालं का? तेही त्यांनी घेतलं नाही. विलायतेतल्या धर्मगुरूंना वाटलं, आता ही बाई आमच्या सांगण्यात राहील. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं नाही, असं बिशपांचं म्हणणं पडलं. वाँटेजच्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की मी ख्रिस्ताला शरण आले आहे, माणसांच्या हुकमाला नाही. पांढरं लुगडं सुटलं नाही, शाकाहार सुटला नाही. देवामागे जायचं म्हणजे एका कळपाचे टाळ्या वाजवणारे सोडून दुसऱ्या कळपाचे गाठायचे, असं नव्हे. शिखरावरून उतरायचं तर दोन्हीकडून उतरावं लागतं.

एक गोष्ट त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितली. बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. आपण जन्मापासून मंडळीच्या पटावर असलेली माणसं. हे वाक्य वाचून कधी स्वतःला विचारलं का, की मला काय सापडलंय?

आता डोंगर. अमेरिकेत हिंडून, पुस्तक लिहून, मदत जमवून त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. बालविधवांसाठी घर आणि शाळा. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली, सदनाने तिला बाटवलं नाही. सल्लागार कोण होते? महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर. यापेक्षा मोठी माणसं तेव्हाच्या पुण्यात दुसरी नव्हती. अमेरिकेहून दहा वर्षांच्या पैशाची हमी होती. घर, पैसा, प्रतिष्ठा, सगळं जागेवर.

आणि अडचण किती बारीक बघा. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. कोणाला बोलावलं नाही, कोणाला हाकललं नाही. पण बोभाटा झाला. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार पेचात पडले. त्यांचीही बाजू आपण समजून घेतली पाहिजे. ती माणसं वाईट नव्हती. पालकांनी मुली धर्म न बदलण्याच्या भरवशावर पाठवल्या होत्या, आणि लेक दुरावेल ही आईबापाची भीती खोटी कशी म्हणायची? त्यांचं मागणं एवढंच, की प्रार्थना आपापली करा, पण दार लावून घ्या.

दार लावून घ्या! किती सोपं! कोण म्हणत होतं ख्रिस्त सोडा? कोणीच नाही. जरा वाका, एवढंच. एक कडी लावायची, आणि शाळा राहते, मुली राहतात, रानडे राहतात. आणि शाळा म्हणजे तर देवाचंच काम. देवाच्या कामासाठी देवाला जरासं आड ठेवायचं, यात काय मोठं? मोहाचं याहून सोज्वळ रूप मला माहीत नाही.

रमाबाईंनी दार लावलं नाही. ज्या घरात मुलीला वाटेल ते विचारायची मोकळीक नाही, ते घर मुक्तीचं कसं, असा त्यांचा विचार. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. एकामागून एक मुली पालकांनी काढून नेल्या. आणि त्या मुली गेल्या कुठे? बहुतेकींच्या वाट्याला पुन्हा तोच कोपरा आणि तेच आलवण आलं असेल. हा हिशेब रमाबाईंना कळत नव्हता असं समजू नका. देवामागे जाण्याची किंमत कधी कधी आपल्या एकट्याच्या खिशातून जात नाही, दुसऱ्याच्याही पदरातून जाते. म्हणून तर ती निवड जड असते. ती हसत हसत केली असं जो सांगतो, त्याने कधी निवड केलेली नसते.

याच डोंगराची दुसरी बाजूही सांगून टाकतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकार गोऱ्या ख्रिस्ती साहेबांचं, आणि रमाबाईही ख्रिस्ती. गप्प राहणं सोयीचं होतं. पण प्लेगच्या दवाखान्यात आणि छावण्यांत बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड लिहिलं. सरकारला ते झोंबलं, गव्हर्नरने इन्कार केला. पण दार सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं म्हटलं, की ते साहेबाच्या तोंडावरही लावता येत नाही.

आता राहिली भाकर. अमेरिकेची दहा वर्षांची हमी १८९८ ला संपणार होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. बेत साधा होता. फळबाग लावायची, आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. विहिरी खणल्या, झाडं लावली. शहाणा प्रपंच. आणि १८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

सांगा बरं, तुम्ही काय सल्ला दिला असता? मी तर सांगितलं असतं, 'बाई, झाडं अजून लहान आहेत, हमी संपत आली आहे, आहेत त्या मुली सांभाळा.' सल्ला खरा, हिशेबाचा. पण वीस वर्षांपूर्वीचा तो बाजरीचा तुकडा हिशेब मांडू देईना. उपाशी राहिलेल्या माणसाचं दोहोंपैकी एक होतं. एक तर तो पुढे जन्मभर कणग्या भरत बसतो, नाहीतर त्याची मूठ कायमची उघडी राहते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तीनशे मुलींना आसरा द्यायचा ठरवला आणि आणायला लागल्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, भुकेने कावरीबावरी झालेली पोरं. पुण्यात प्लेगमुळे इतकी गर्दी ठेवता येईना, तेव्हा मुलींना केडगावच्या रानात नेलं. फळबागेची जागा माणसांची झाली. हमी होती तोवर सदन होतं, हमी संपत आली तेव्हा मुक्ती उभी राहिली. हा देवाचा हिशेब.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही शेकड्यांनी मुली आल्या. मुक्तीत दोन हजारांच्या जवळपास माणसं झाली. जातीची चौकशी नाही. आंधळ्यांना जागा, म्हाताऱ्यांना जागा, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. विणकाम, शेती, गुरं, छापखाना, सगळं बायका चालवत. ज्या कधी भिकेच्या तुकड्यासाठी बोलू शकल्या नव्हत्या, त्यांच्या चुलीवर रोज हजारोंच्या भाकरी होऊ लागल्या. धोंड्याची भाकर करून दाखव असं सैतान म्हणाला होता. रमाबाईंनी चमत्कार करायला घेतला नाही, स्वतःची भाकर पुढे केली. तुम्हीच ठरवा, चमत्कार कोणता मोठा.

आणि संस्कृताचं ते पांडित्य? ते कुठे गेलं? शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घातली. पंडितांसाठी नाही, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. कारभार जिच्या हाती द्यायचा तीच लेक गेली. तरी आईने काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. अठराशे त्र्याण्णव साली एक दार लावलं असतं, तर पुण्यात एक बरी शाळा राहिली असती. केडगाव झालं नसतं.

आख्यान इथे संपतं. पण कीर्तनकार नुसतं आख्यान सांगून उठला तर तो लबाड. म्हणून माझं सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावी कीर्तन होतं. मांडव, माईक, जेवणावळ, सगळा खर्च एका सद्गृहस्थांनी उचललेला. त्यांचा धंदा हमरस्त्यावर परमिट रूमचा. मी दर वर्षी दारूवर एक पद म्हणायचो. कीर्तनाआधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बुवा, ते दारूचं तेवढं यंदा राहू द्या. पाहुणे आलेत. बाकी तुम्हाला काय सांगायचं ते सांगा.' आणि हातात पाकीट ठेवलं. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, डोक्यावर कर्ज होतं. मी मनात म्हटलं, एक पदच तर आहे. वचन सांगतोय, प्रभूचं नाव घेतोय, एवढ्याने काय बिघडतं?

त्या रात्री आख्यान कोणतं होतं ठाऊक आहे? हेच. रमाबाईंचं उघडं दार. सभा रडली. टाळ्या पडल्या.

कीर्तन उतरल्यावर भांडी घासणारी एक म्हातारी जवळ आली. तिचा तरणाताठा मुलगा दारूपायी गेलेला. म्हणाली, 'बुवा, माझ्या पोराचं पद गाळलंत व्हय?'

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते पद मी माझं समजत होतो. ती बाई वर्षभर त्याची वाट बघायची, हे मला माहीतच नव्हतं. गावात तिच्या पोराबद्दल कोणी चारचौघांत बोलायचं ते तेवढ्या एका पदात, आणि मी दार लावून घेतलं होतं.

पाकीट मी तीन दिवस घरात ठेवलं, चौथ्या दिवशी परत देऊन आलो. यात मोठेपणा काही नाही. पैसे परत गेले, ती रात्र परत आली नाही. पुढच्या साली त्या मांडवाचं आमंत्रणही आलं नाही. मग मी एकटाच त्या म्हातारीच्या घरी गेलो. पेटी नाही, तबला नाही. अंगणात बसून ते पद म्हटलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, 'चहा ठेवते.' माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लहान सभा. आजवर कुठल्याही मोठ्या मांडवात मला इतकं भरून आलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, मोह ओळखायची खूण साधी आहे. जो म्हणतो देव सोड, त्याला आपण ओळखतो. जो म्हणतो देव राहू दे, फक्त दार लावून घे, त्याला ओळखा. रांजणगावच्या कारखान्यांमुळे जमिनीचा पैसा आला, तेव्हा भावाच्या हिश्शाचा कागद जरा मागे ठेवू. लग्नाचा थाट शेजाऱ्याइतका तरी करू, दशमांशाचं पुढे बघू. निवडणुकीत मत देवाला विचारून देऊ, पण पाकीट आधी घेऊ. मंडळीत मोठी देणगी देणारा बसलाय, तर आज शास्त्रपाठ दुसरा घेऊ. प्रत्येक वेळी एकच कडी, आणि ती आपल्याच हाताने लागते.

आणि ज्याच्या हातून लागली आहे, त्याला एवढंच सांगतो, कडी आतून आहे. आतूनच निघते. मी काढली आहे, उशिरा का होईना.

कधी केडगावला गेलात तर मुक्तीच्या मोठ्या उपासनामंदिरात दोन घटका बसा आणि मनात विचारा, माझं कोणतं दार लावलेलं आहे? उत्तर फार लांबून येत नाही.

हे प्रभू, भाकर असताना आमची मूठ उघडी ठेव. मान असताना आमचे पाय जमिनीवर ठेव. आणि भली माणसं भल्यासाठीच वाकायला सांगतील, तेव्हा आमची मान ताठ आणि मन नम्र ठेव. तुझ्या नावाने उघडलेलं दार आमच्या हातून लागू देऊ नकोस. आमेन.